आमरीशी ओळख : गटाने मिळून जोपासायचा छंद



बचत, कर्ज, परतफेड, हिशेब यांवर आपण या पानावर नेहमीच बोलतो. आजचा धडा थोडा वेगळा आहे. यातून लगेच पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगते. पण आमच्या गटातल्या बायका बैठकीला वेळेआधी येऊ लागल्या, त्या याच छंदामुळे. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या वाडीच्या वाटेवर आंब्याची एक मोठी फांदी मोडून पडली. आम्ही चौघीजणी कोयते घेऊन सरपणाला गेलो. फांदीला मागच्या बाजूला जाड, पट्ट्यासारख्या पानांचे झुबके चिकटलेले होते. त्यांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा गजरा खाली लोंबत होता. एकजण म्हणाली, "बांडगूळ आहे गं ते. टाक चुलीत." मीही टाकलंच असतं. पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी हात धरला. म्हणाल्या, "ही सीतेची वेणी. माझी आई नागपंचमीपर्यंत जपायची." आमचा छंद तिथून सुरू झाला.

ही बांडगूळ नव्हे

सगळ्यात आधी हा गैरसमज काढून टाकू. बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ घुसवतं आणि झाडाचा रस पितं. आमरी, म्हणजेच ऑर्किड, तसं करत नाही. ती झाडाच्या सालीवर नुसती बसते. आपण एसटीत खिडकीची जागा धरून बसतो, तशी. पाणी ती पावसातून, धुक्यातून आणि दवातून घेते. खाणं म्हणाल तर सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा आणि धूळ, एवढंच. आमरीमुळे आंबा वाळला असं कधीच होत नाही.

तिची मुळं हातात घेऊन बघा. वरून पांढरट, स्पंजासारखी लागतात. पाण्याचा शिपका मारला की थोड्या वेळात ती हिरवी दिसू लागतात. ते वरचं पांढरं आवरण पाणी शोषून धरतं आणि आतल्या मुळाला हळूहळू देतं. ही मुळं हवेतच राहायला हवीत, मातीत पुरली की कुजतात. एवढं एक लक्षात राहिलं तरी निम्मा धडा झाला.

सगळ्याच आमरी झाडावर राहतात असं नाही. काही जमिनीत वाढतात. त्यांना खाली कंद असतो. पावसाळ्यात पान आणि फूल येतं आणि पाऊस संपला की वरचा भाग वाळून जातो. सातारा जिल्ह्यातल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणाऱ्या फुलांत अशा जमिनीवरच्या आमरी बऱ्याच असतात. कास हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. सबंध भारतात आमरीच्या साडेबाराशेच्या आसपास जाती सापडतात. त्यांतल्या कितीतरी आपल्या सह्याद्रीत आहेत आणि काही तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

आपल्या भागातल्या ओळखीच्या आमरी

शास्त्रातली नावं अवघड असतात. सुरुवातीला रूप ओळखलं तरी पुरे.

सीतेची वेणी : काही गावांत हिलाच द्रौपदीची वेणी म्हणतात. पानं जाड, लांब, पन्हाळीसारखी. मे-जूनमध्ये फुलांचा भरगच्च गजरा खाली लोंबतो. एका गजऱ्यात शंभराच्या वर फुलं असू शकतात. पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं हे राज्यफूल आहे. आसामात बिहूच्या सणाला बायका-मुली हे फूल केसांत माळतात. तिकडे त्याला कपौ फूल म्हणतात.

एरिडिस : पहिल्या पावसाच्या सुमाराला फुलते. गुलाबी फुलं, त्यांवर जांभळे ठिपके, आणि गोड वास. वास आला की वर मान करून शोधा.

डेंड्रोबियम : बोटाएवढ्या जाड हिरव्या-तपकिरी कांड्या असतात. पावसाळ्यात पानं येतात, हिवाळ्यात गळून जातात. मग नुसत्या कांड्या राहतात आणि त्यांच्यावर थंडीच्या शेवटी पांढरी फुलं येतात. ही वाळलेली दिसते, पण जिवंत असते. आम्ही पहिल्या वर्षी दोन रोपं मेली समजून चुलीत घातली. तुम्ही घालू नका. कांडी दाबून बघा. आत टणक लागली तर ती जिवंत आहे.

रास्ना किंवा वांदा : पानांचं टोक कुणी कातरल्यासारखं दिसतं. फुलं पिवळट-तपकिरी, त्यांवर जाळीसारखी नक्षी. हिची मुळं औषधाला रास्ना म्हणून विकली जातात आणि त्यासाठी पुष्कळ झाडं ओरबाडली जातात.

कुठून आणायची, कुठून आणायची नाही

हा धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. गटात मोठ्याने वाचा.

आमरीचं एक बोंड फुटलं की त्यातून हजारो, कधी लाखो बिया उडतात. पीठ उडावं इतक्या बारीक. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी जशी शिदोरी असते, तशी या बीमध्ये नसते. योग्य जातीची बुरशी भेटली आणि तिने खाऊ घातलं, तरच बी रुजते. म्हणून लाखांतली एखादीच जगते, आणि तिला फूल यायला कित्येक वर्षं लागतात. आपण झाडावरून एक मोठा झुबका ओढून काढला, तर कित्येक वर्षांची वाढ एका मिनिटात संपते.

म्हणून आमच्या गटाचे नियम असे :

१. उभ्या झाडावरची आमरी काढायची नाही. देवराईतली तर नाहीच नाही.
२. राखीव जंगलातून काहीही आणायचं नाही. पडलेली फांदीसुद्धा वनरक्षकाला विचारल्याशिवाय उचलायची नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे हा गुन्हा ठरतो.
३. स्वतःच्या मालकीच्या जागेतली, किंवा मालकाने हो म्हटलेली, वाऱ्याने पडलेली किंवा तोडलेल्या झाडाची फांदी असेल, तर तिच्यावरची आमरी वाचवायची. जमिनीवर पडलेली आमरी कुजते, म्हणून हे काम लगेच करायचं.
४. जमिनीतल्या आमरीचा कंद उकरायचा नाही. तिचा फक्त फोटो काढायचा.

गावात कुणी मोठं झाड तोडणार असेल तर आधी कळवा, असं आम्ही ग्रामसभेत सांगून ठेवलं आहे. झाड वाचवणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं, पण त्याच्या अंगावरची आमरी वाचवता येते.

बांधायची कशी

उत्तम वेळ म्हणजे जूनचा पहिला पाऊस. पावसाळाभर मुळं वाढतात आणि दोन-तीन महिन्यांत साल धरतात.

फांदीपासून आमरी उपटू नका. जमलं तर सालीच्या तुकड्यासकट सोडवा. कुजलेली, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. टणक मुळं राहू द्या.

झाड निवडताना खडबडीत सालीचं घ्या : आंबा, ऐन, जांभूळ, फणस. पेरू आणि नीलगिरी नकोत. त्यांची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर आमरीही पडते. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी पानांची सावली येईल, अशी जागा बघा. गुरं आणि शेळ्या पोचणार नाहीत इतक्या उंचीवर बांधा.

बांधायला जुन्या सुती साडीची पट्टी किंवा काथ्या घ्या. तार नको, नायलॉनची दोरी नको. ती आमरीलाही कापते आणि झाडालाही. रोप हलणार नाही इतकं घट्ट बांधा, कारण हललं की नव्या मुळांची टोकं मोडतात. सीतेच्या वेणीसारख्या आमरीचा शेंडा थोडा बाजूला कललेला ठेवा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही. सुती पट्टी वर्षभरात आपोआप कुजून जाते, तोवर आमरी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असते.

दारात झाड नसेल तर नारळाचं सोडण घ्या. ते आठवडाभर पाण्यात भिजत घाला, पाणी दोन-तीनदा बदला आणि मग त्यावर आमरी बांधून ओटीवर टांगा. मातीच्या जुन्या कुंडीला बाजूने भोकं पाडून, आत विटांचे आणि कौलांचे तुकडे व चुलीतला कोळसा घालूनही चालतं. माती मात्र चमचाभरसुद्धा नको.

वर्षभराची निगा

पावसाळा : झाडावरच्या आमरीला काही करावं लागत नाही. ओटीवरची असेल तर पावसाच्या थेट धारेखाली ठेवू नका. गोगलगायी रात्री येतात. कंदील किंवा बॅटरी घेऊन हाताने वेचा. पान काळं, पाणीदार झालं तर तेवढा भाग कापून टाका.

हिवाळा : डेंड्रोबियमची पानं पिवळी पडून गळतात. घाबरू नका आणि जास्त पाणीही घालू नका. तिची ही झोपेची वेळ आहे. आठवड्यातून एखादा शिपका पुरे. जास्त पाणी घातलं तर कांडी कुजते. सीतेची वेणी आणि रास्ना यांना पानं असतातच, त्यांना दोन-तीन दिवसांनी सकाळी पाणी शिंपडा.

उन्हाळा : ओटीवरच्या आमरीला रोज सकाळी शिपका द्या, कडक उन्हात दोनदा. झाडावर नवीन बांधलेल्या आमरीलाही पहिला उन्हाळा आठवड्यातून दोन-तीनदा पाणी लागतं. पुढच्या वर्षापासून ती आपलं बघते.

खत : वाढीच्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबर, पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विरघळणारं खत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, एवढंच पातळ करून फवारा. भाताला घालतो तसं खत आमरीला घातलं तर मुळं जळतात. खत नाही घातलं तरी बिघडत नाही.

खवले कीड दिसली तर ओल्या फडक्याने पुसून काढा. पहिलं औषध तेच.

आणि एक करा. फुलं झाल्यावर एखादं तरी बोंड झाडावर पिकू द्या. ते हिरवं दिसतं, पिकायला महिने लागतात. फुटलं की वारा बी घेऊन जातो. त्यातली एखादी शेजारच्या फांदीवर रुजली, तर तेच आपलं व्याज.

मोबाईलवर फोटो

आमच्यातल्या बऱ्याचजणी घरातल्या मोबाईलला हात लावायला कचरायच्या. "मुलाचा आहे, बिघडला तर?" आता तसं राहिलं नाही. ज्या काकूंनी सीतेची वेणी ओळखली, त्यांना अक्षरओळख नाही, पण गटातले सगळ्यात चांगले फोटो त्यांचेच असतात. कारण त्यांना घाई नसते.

त्यांची पद्धत अशी :

काच आधी पदराने पुसा. काम करता करता हात लागून काच तेलकट होते, आणि मग फोटो धुरकट येतो.

सकाळी आठच्या आत किंवा ढगाळ दिवशी फोटो काढा. भर दुपारी पांढरं फूल नुसतं पांढरं दिसतं, पाकळीवरच्या रेषा जातात. ऊन असेल तर एकीने छत्री धरावी.

बोटांनी चित्र मोठं करू नका. स्वतः पुढे जा, फुलापासून एक वीत अंतरावर थांबा आणि पडद्यावर फुलावर बोट टेकवा. फूल स्पष्ट झालं की काढा. फार जवळ गेलात तर पुसट येतं, मग थोडं मागे या.

दोन्ही कोपरं पोटाशी धरा आणि श्वास रोखा. वारा असेल तर थांबा.

मागे गर्दी असेल तर एकीने काळी छत्री किंवा गडद लुगडं मागे धरावं. फूल उठून दिसतं.

एका आमरीचे पाच फोटो हवेत : एक सबंध झाडासकट, दुसरा पानांचा, तिसरा फुलाचा समोरून, चौथा फुलाचा बाजूने, आणि पाचवा जवळ एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे फुलाचा आकार कळतो. बाजूचा फोटो विसरू नका. पुष्कळ आमरींना फुलामागे शेपटीसारखी नळी असते. तिच्या लांबीवरून जात ओळखायला जाणकारांना मदत होते.

फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, फूल तोडायचं नाही. झाडावर चढूनही काढायचा नाही. हात पोचत नसेल तर फोटो नाही मिळाला तरी चालेल.

एक चुकलेली गोष्ट

आता जे सांगते, ते सांगावं की नको यावर आमच्या गटात चर्चा झाली. त्या सखीनेच सांगा म्हटलं, पण नाव नको.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने फोटो काढून मोबाईलवर सगळीकडे पाठवले. खाली गावाचं नाव आणि झाडाची जागासुद्धा लिहिली. महिन्याभरात बाजाराच्या दिवशी एक माणूस विचारत आला. एका झुबक्याला दोनशे रुपये देतो म्हणाला. आमच्या एका सखीच्या मुलीची फी थकलेली होती. तिने कुणाला न सांगता देवराईच्या कडेच्या ऐनावरून चौदा झुबके काढून दिले. फी भरली गेली. पुढच्या मे महिन्यात त्या ऐनावर एकही फूल आलं नाही. आजही येत नाही.

बैठकीत दोघी-तिघी तिला बोलल्या. तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, "तिला नड होती तेव्हा ती झाडाकडे गेली, आपल्याकडे नाही आली. चूक तिची एकटीची कशी?" त्या महिन्याला आम्हीच अंतर्गत कर्ज थांबवून पैसे बँकेत ठेवले होते. सगळ्या गप्प झाल्या.

त्या दिवशी दोन ठराव इतिवृत्तात लिहिले. पहिला : शाळेची फी आणि दवाखाना यांसाठी छोटं कर्ज बैठकीची वाट न बघता द्यायचं. दुसरा : फोटो बाहेर पाठवताना जागा सांगायची नाही आणि कॅमेऱ्यातलं ठिकाण दाखवणारं बटण बंद ठेवायचं. फोटोत फक्त तालुका लिहायचा. नेमकी जागा आमच्या वहीत असते, आणि वही गटाच्या पेटीत.

गटाची आमरी-वही

वहीत सहा रकाने आखा : तारीख, कुठल्या झाडावर, जमिनीपासून अंदाजे उंची, फूल आहे का, बोंड आहे का, कुणी पाहिलं. लिहिता येत नसेल त्या सखीने सांगावं, दुसरीने लिहावं. दर वर्षी त्याच महिन्यात तेच झाड पुन्हा बघा. कुठली आमरी कधी फुलते, कुठली कमी होत चालली, हे दोन-तीन वर्षांत तुमच्या वहीतच दिसेल.

या वहीचा उपयोग गटापुरता नाही. जैविक विविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असायला हव्यात. ही समिती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. आपल्या गावात समिती आहे का, नोंदवहीत आमरी आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारा. समितीतल्या महिलांची जागा नुसती कागदावर असेल तर आमरी-वही घेऊन जा. ज्या बाईला गावातलं झाड न् झाड माहीत आहे, ती त्या खुर्चीवर बसायला हवी. आपल्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर वनहक्क कायदा २००६ प्रमाणे जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आहे.

पैशाबद्दल दोन शब्द

"यातून धंदा होईल का?" हा प्रश्न येणारच. जंगलातली आमरी विकून होणार नाही, आणि करूही नये. परदेशी पाठवायला तर परवानाच लागतो, कारण सगळ्या आमरी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमाखाली येतात. बाजारात दिसणारी रंगीत ऑर्किड प्रयोगशाळेत आणि शेडनेटमध्ये वाढवलेली असतात. तो वेगळा व्यवसाय आहे, त्याला भांडवल आणि शिक्षण लागतं. या छंदासाठी गटातून कर्ज काढू नका. लागतं काय, तर जुनी साडी, काथ्या, एक वही आणि घरात आहे तोच मोबाईल.

मग मिळतं काय? मागच्या मे महिन्यात त्या मोडलेल्या फांदीवरची वेणी माझ्या परसातल्या जांभळावर फुलली. बांधल्यापासून दुसऱ्या वर्षी. सकाळी सातला आम्ही अकराजणी खाली उभ्या होतो. काकूंनी फोटो काढला. चौदा झुबके देणारी सखी छत्री धरून उभी होती. आता वही तिच्याकडेच असते.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात आमरीला काय म्हणतात? आजी-सासूबाईंना विचारून या.
२. बांडगूळ आणि आमरी यांत फरक काय? दोन्हींच्या फांद्या दाखवून सांगा.
३. कुणी आमरी विकत मागितली तर गट काय उत्तर देईल?
४. आपल्या गटात नडीच्या वेळी कर्ज किती दिवसांत मिळतं?

या महिन्यात करून पाहा

घरापासून शेतापर्यंतच्या वाटेवरची जुनी झाडं वर मान करून बघा. एक आमरी शोधा, पाच फोटो काढा आणि वहीत पहिली ओळ लिहा. पुढच्या बैठकीला फोटो एकमेकींना दाखवा.